अमेरिकेचा प्राप्तिकर आणि राज्यघटनेची कसोटी

श्रोतेहो, नमस्कार. अमेरिकेतील संघीय प्राप्तिकर मुळातच घटनाबाह्य आहे, असे ठामपणे सांगणारा एक वर्ग त्या देशात अनेक दशके टिकून आहे. तिथे राहून दरवर्षी विवरणपत्र भरणाऱ्या मराठी कुटुंबांनी तरी या दाव्याचा इतिहास नीट जाणून घ्यावा असे मला वाटते, कारण त्यावर विसंबून कर न भरणाऱ्यांना दंड आणि तुरुंगवासही भोगावा लागला आहे. माझे मत आधीच सांगून टाकणे योग्य. हा प्रश्न एके काळी खरोखरच खुला आणि अवघड होता, परंतु 1913 साली घटनादुरुस्तीच्या मार्गाने त्याचा रीतसर निकाल लागला.

वादाचे मूळ 1787 सालच्या फिलाडेल्फियातील घटनापरिषदेत आहे. तिथे तयार झालेल्या राज्यघटनेने काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, कर बसवण्याचा व्यापक अधिकार दिला, पण त्याला दोन अटी जोडल्या. जकाती आणि अबकारी कर देशभर एकसारखे असावेत, ही पहिली अट. आणि प्रत्यक्ष कर असेल तर त्याची रक्कम राज्याराज्यांत लोकसंख्येच्या प्रमाणात वाटली जावी, ही दुसरी. ही दुसरी अट गुलामगिरीवरील तडजोडीतून आली होती. दक्षिणेतील राज्यांना प्रतिनिधित्वासाठी आपले गुलाम मोजले जावेत असे वाटत होते, उत्तरेचा त्याला विरोध होता, आणि अखेर प्रतिनिधित्व व प्रत्यक्ष कर या दोन्हींसाठी गुलामांची संख्या तीन-पंचमांश धरावी असे ठरले. मात्र प्रत्यक्ष कर म्हणजे नेमके काय, हे घटनेत कुठेही लिहिले गेले नाही. मॅसॅच्युसेट्सचे प्रतिनिधी रूफस किंग यांनी 20 ऑगस्ट 1787 रोजी सभागृहात हाच प्रश्न विचारला होता, आणि त्याला कोणीच उत्तर दिले नाही, अशी नोंद जेम्स मॅडिसन यांनी करून ठेवली आहे. पुढच्या सव्वाशे वर्षांचा झगडा त्या अनुत्तरित प्रश्नातून उभा राहिला.

पहिला प्रसंग लवकरच आला. काँग्रेसने 1794 साली घोडागाड्यांवर कर बसवला आणि 1796 साली हिल्टन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला. न्यायमूर्ती सॅम्युअल चेस यांनी त्या वेळी दिलेले उदाहरण आजही उपयोगी आहे. दोन राज्यांची लोकसंख्या सारखी आहे, पण एकात शंभर गाड्या आहेत आणि दुसऱ्यात हजार, असे समजा. दोन्ही राज्यांनी सारखीच रक्कम भरायची म्हटली, तर पहिल्या राज्यातील गाडीमालकाला दुसऱ्यातील गाडीमालकाच्या दसपट कर द्यावा लागेल. जिथे वाटणीचा नियम असा अन्याय घडवतो, तिथे तो लावायचा नाही, असा अर्थ न्यायमूर्तींनी घेतला आणि डोईपट्टी व जमिनीवरील कर एवढेच बहुधा प्रत्यक्ष कर असावेत, असे सुचवले. चेस यांच्या उदाहरणात गाड्यांच्या जागी उत्पन्न घातले, की गरीब राज्यातील रहिवाशाला श्रीमंत राज्यातील रहिवाशापेक्षा चढ्या दराने प्राप्तिकर का भरावा लागेल, हे लगेच ध्यानात येते.

यादवी युद्धाचा खर्च भागवण्यासाठी 1861 आणि 1862 साली प्राप्तिकराचे कायदे झाले, 1872 साली तो कर संपला, आणि 1881 साली स्प्रिंगर खटल्यात न्यायालयाने त्याला एकमताने मान्यता दिली. त्यामुळे 1894 साली काँग्रेसने 4,000 डॉलरवरील उत्पन्नावर 2 टक्के कर पुन्हा आणला, तेव्हा तो टिकेल असे मानायला पुरेसा आधार होता.

तो टिकला नाही. या कराला आव्हान देणाऱ्या पोलॉक खटल्याची ही हकीकत या इतिहासातील सर्वांत नाट्यमय आहे. एप्रिल 1895 मध्ये पहिला निकाल आला तेव्हा न्यायमूर्ती हॉवेल जॅक्सन आजारी होते आणि काही महत्त्वाच्या मुद्द्यांवर उरलेले आठ न्यायमूर्ती चार विरुद्ध चार असे विभागले गेले. मे महिन्यात फेरसुनावणी झाली, जॅक्सन आजारपणातून उठून आले, त्यांनी कराच्या बाजूने मत दिले, आणि तरीही निकाल पाच विरुद्ध चार असा कराच्या विरोधात गेला. याचा अर्थ कोणीतरी आपले मत बदलले होते. ते कोणी, याबद्दल इतिहासकारांत अजूनही एकमत नाही. भाडे, व्याज आणि लाभांश यांवरील कर म्हणजे त्या मालमत्तेवरीलच कर, म्हणून तो प्रत्यक्ष कर, म्हणून वाटणीशिवाय अवैध, असा बहुमताचा युक्तिवाद होता. पगारावरील कर स्वतंत्रपणे टिकू शकला असता, पण मग सारा बोजा श्रमाच्या कमाईवर पडला असता, म्हणून न्यायालयाने प्राप्तिकराच्या सर्वच तरतुदी रद्द केल्या. न्यायमूर्ती जॉन हार्लन यांनी तीव्र शब्दांत असहमती नोंदवली. शंभर वर्षांची समजूत एका मताच्या फरकाने उलथणारा हा निकाल, माझ्या मते, त्या न्यायालयाच्या दुबळ्या निकालांपैकी एक आहे. परंतु तो कायदा होता, आणि तो बदलण्याचा मार्ग घटनेनेच दाखवलेला होता.

राष्ट्राध्यक्ष विल्यम टाफ्ट यांच्या सूचनेनंतर काँग्रेसने जुलै 1909 मध्ये सोळावी घटनादुरुस्ती राज्यांकडे पाठवली. तीन-चतुर्थांश राज्ये तिला कधीच संमती देणार नाहीत, अशी तिला वाट करून देणाऱ्या कित्येक पुराणमतवादी सिनेटरांची अटकळ होती. ती चुकली. 3 फेब्रुवारी 1913 रोजी आवश्यक 36 राज्यांचा आकडा पूर्ण झाला. उत्पन्न कोणत्याही मार्गाने आलेले असो, राज्यांत वाटणी न करता आणि जनगणनेकडे न पाहता त्यावर कर बसवण्याचा अधिकार काँग्रेसला असेल, असे ही दुरुस्ती सांगते. 1916 साली ब्रशेबर खटल्यात न्यायालयाने नव्या प्राप्तिकराला मान्यता दिली.

त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका निकालात मात्र असे वाक्य आहे, की या दुरुस्तीने कर बसवण्याचा कोणताही नवा अधिकार दिला नाही. करविरोधक नेमके हेच वाक्य उचलतात आणि पुढचा भाग सोडून देतात. अधिकार आधीपासूनच होता, दुरुस्तीने वाटणीची अडचण तेवढी दूर केली, असा त्याचा सरळ अर्थ आहे. राज्यांनी संमत केलेल्या मसुद्यांत विरामचिन्हांचे आणि शब्दांचे किरकोळ फरक होते, म्हणून संमतीच अवैध, हा दुसरा दावा. तो 1986 साली संघीय अपील न्यायालयाने फेटाळला. वेतन म्हणजे उत्पन्नच नव्हे, हा तिसरा दावाही न्यायालयांनी वारंवार धुडकावला असून अशा निराधार मुद्द्यांवर भरलेल्या विवरणपत्राला 5,000 डॉलर दंड होऊ शकतो. 1991 साली चीक खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एक बारीक पण महत्त्वाचा भेद केला. कायदा समजण्यात प्रामाणिक गैरसमज झाला असेल, तर हेतुपुरस्सर गुन्हा सिद्ध होत नाही. परंतु कायदा घटनाबाह्य आहे अशी स्वतःची खात्री असणे हा बचाव होऊ शकत नाही. हे दावे पसरवणाऱ्यांबद्दल मला राग येतो, कारण त्यांच्यावर विश्वास ठेवणाऱ्या साध्या पगारदारांना त्याची किंमत मोजावी लागते.

उरलेला खरा प्रश्न निराळा आहे आणि तो एका भारतीय कंपनीच्या निमित्ताने सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. वॉशिंग्टन राज्यातील मूर दांपत्याने बंगळूरच्या किसानक्राफ्ट या शेतीची अवजारे पुरवणाऱ्या कंपनीत 40,000 डॉलर गुंतवले होते. कंपनीने नफा व्यवसायातच फिरवला, त्यांना लाभांश दिला नाही. तरीही 2017 च्या करकायद्याने साचलेल्या नफ्यातील त्यांच्या वाट्यावर 14,729 डॉलर कर लावला. हातात न आलेला पैसा हे उत्पन्न कसे, असे त्यांचे म्हणणे होते. 20 जून 2024 रोजी न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी कर कायम ठेवला. नफा कंपनीच्या हाती पडलेला आहे आणि तो भागधारकांच्या नावे धरण्याची काँग्रेसची पद्धत जुनी आहे, एवढ्याच आधारावर न्यायमूर्ती ब्रेट कॅव्हनॉ यांनी निकाल लिहिला. न विकलेल्या मालमत्तेच्या वाढलेल्या किमतीवर वाटणीशिवाय कर लावता येईल का, हा मुद्दा त्यांनी जाणीवपूर्वक बाजूला ठेवला. मात्र नऊपैकी चार न्यायमूर्तींनी, निकालाच्या बाजूने मत देणारे दोन आणि विरोधातील दोन, असा कर चालणार नाही असे आपापल्या मतांत लिहून ठेवले आहे. अब्जाधीशांच्या वाढत्या समभागमूल्यावर कर बसवण्याची मागणी अमेरिकेत होतच असते, आणि असा कायदा उद्या झाला, तर निर्णय उरलेल्या पाच मतांवर अवलंबून राहील.