हळद, कायदा आणि गावची नोंदवही

नमस्कार श्रोतेहो.

बोट कापलं की आई धावत जाऊन हळद दाबायची. तुमच्याही घरी हेच असेल. पण 1995 साली अमेरिकेत याच उपायावर पेटंट दिलं गेलं, नवा शोध म्हणून! डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआर या सरकारी वैज्ञानिक संशोधन संस्थेचे प्रमुख होते. या संस्थेनं आव्हान दिलं, जुने छापील पुरावे समोर ठेवले आणि 1997 मध्ये ते पेटंट रद्द झालं. केस जिंकली ती कागदामुळे. आईला माहीत होतं, एवढं तिथे पुरलं नसतं.

म्हणून मला 1992 चा रिओचा जैवविविधता करार जवळचा वाटतो. वाघ-हत्तींच्या व्यापारावर लक्ष ठेवणारा साइट्स करार त्याच्या आधीचा, पाणथळ जागांचा रामसर करार त्याहून आधीचा. आपलं लोणार त्याच रामसर यादीत आहे. रिओनं मात्र वेगळंच मांडलं: ज्या देशाची वनस्पती, तिच्यावर हक्क त्या देशाचा. 2010 च्या नागोया करारानं पुढचं ठरवलं. आधी परवानगी घ्या, मग नफ्यातला वाटा द्या. अमेरिकेनं रिओच्या करारावर सही केली, पण तो अजून मंजूर केलेला नाही. याचं मला फार वाईट वाटतं.

आपण 2002 मध्ये जैवविविधता कायदा केला. त्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत, आपल्या नागपूर महापालिकेतसुद्धा जैवविविधता समिती हवी आणि तिच्याकडे लोकजैवविविधता नोंदवही, म्हणजे तिथल्या वनस्पती-प्राण्यांची आणि लोकांना असलेल्या त्यांच्या माहितीची वही हवी. राज्याच्या जैवविविधता मंडळाचं मुख्यालय तर इथेच, नागपुरात आहे.

एका गावची नोंदवही मी चाळली. तरोटा या रानभाजीचं नाव होतं. पण मृगाच्या पावसानंतर कोवळा पालाच का खुडायचा, भाजी कशी करायची, एक अक्षर नाही. हे सांगणाऱ्या म्हाताऱ्या बाया त्याच गावात ओट्यावर बसल्या होत्या. त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

भिवापूरच्या मिरचीला, वायगावच्या हळदीला भौगोलिक मानांकन (जीआय) मिळालं, कारण कोणीतरी बसून सगळं लिहून काढलं. मोह, चारोळी, टेंभरं, बांधावरच्या रानभाज्या अजून वाट बघताहेत.

पंचायतीत जा, नोंदवही मागा. आजीजवळ बसा आणि ती म्हणते तेच नाव, तिच्याच शब्दांत उतरवून घ्या. यंदाचा तरोटा उगवायच्या आत.