कुणी सांगण्याआधी

(दृश्य: दगडी पायऱ्या. पाण्यानं भरलेलं भांडं घेऊन चढणारे पाय.)

कुणी सांगण्याआधी मदतीला पुढे होणं मुलांना कसं शिकवावं? बायबलमधल्या उत्पत्ती या पुस्तकाच्या 24व्या अध्यायात अब्राहामाचा दास लांबचा प्रवास करून एका नगराबाहेरच्या विहिरीपाशी येऊन थांबतो. सोबत दहा उंट. रिबका घागर भरून वर येते, तेव्हा तो तिच्याकडे घोटभर पाणी मागतो. घोटभरच, आणि तेही स्वतःपुरतं. ती त्याला पाणी देते आणि आपणहून म्हणते, तुमच्या उंटांसाठीही काढते, त्यांचं पोट भरेपर्यंत.

तहानलेला उंट एका वेळी 100 लिटरपर्यंत पाणी पिऊ शकतो. दहाही उंट तसे तहानलेले असतील आणि घागर 10 लिटरची धरली, तर खेपा शंभराच्या घरात जातात. संडे स्कूलमध्ये ही गोष्ट सांगताना हा हिशेब मुलांकडूनच फळ्यावर करून घ्यावा. मग अर्धी बादली पाणी भरून प्रत्येकाला खोलीची एक फेरी मारू द्यावी. रिबका ‘चांगली मुलगी’ होती असं सांगून मुलांना काहीच कळत नाही. हाताला रग लागली की कळतं.

याच प्रसंगातलं 21वं वचन मात्र शिकवणाऱ्या मोठ्यांनी वाचायचं आहे. रिबका धावपळ करत असताना तो दास गप्प राहून तिच्याकडे पाहत राहतो. मध्ये बोलत नाही, सूचना देत नाही. मुलांना पुढाकार शिकवण्यात सगळ्यात अवघड भाग हाच.

(दृश्य: जमिनीवर पडलेला कपड्यांचा चिमटा. त्याच्याकडे पाहणारं लहान मूल.)

2006 साली फेलिक्स वार्नेकेन आणि मायकल टोमासेलो या संशोधकांनी दीड वर्षाच्या मुलांसमोर मुद्दाम छोट्या अडचणी उभ्या केल्या. चिमटा हातातून पडला, हात पोचत नाही. दोन्ही हातांत ओझं आहे, कपाटाचं दार बंद आहे. मदत मागायची नाही, असं ठरलेलं होतं. 24 पैकी 22 मुलांनी निदान एकदा तरी उठून मदत केली, आणि बहुतेक वेळा पहिल्या दहा सेकंदांतच. म्हणजे ओढ मुळातच असते. आपण ‘अरे, बघत काय बसलास, उचल ना!’ असं दुसऱ्याच सेकंदाला म्हणतो आणि मुलाचा पुढाकार तिथंच संपतो. नंतर तो चिमटा उचलतो खरा, पण ते आज्ञापालन झालं. आज्ञापालनही शिकवायलाच हवं, फक्त ती दोन वेगळी शिकवणं आहेत. म्हणून मनात सावकाश दहा आकडे मोजावेत. त्यानंतरही मूल हललं नाही, तर हुकूम न देता विचारावं: ‘इथं काय अडलंय असं तुला वाटतं?’

(दृश्य: ओसाड डोंगरउतारावरची वाट.)

लूकच्या शुभवर्तमानाच्या 10व्या अध्यायातला, जखमी अनोळखी माणसाला मदत करणारा शोमरोनी (शोमरोन प्रांताचा माणूस) मुलांना पाठ असतो. म्हणूनच ती गोष्ट मध्येच थांबवावी लागते. यरुशलेमहून येरीहोला जाणारी वाट. एक माणूस अर्धमेला पडलेला. याजक, म्हणजे मंदिरातला पुरोहित, त्याला पाहतो. लेवी, म्हणजे मंदिरातला सेवक, पाहतो. शोमरोनीही पाहतो. इथं थांबून विचारावं, याजकाच्या मनात काय आलं असेल? मुलं भराभर कारणं देतात: उशीर झाला असेल, भीती वाटली असेल, दुसरं कुणी करील असं वाटलं असेल. ती सगळी लिहून घ्यावीत, एकही खोडू नये. याजकाला दुष्ट ठरवून मोकळं झालं की मूल स्वतःला त्याच्या जागी पाहतच नाही.

यातलं ‘उशीर’ हे कारण हलकं समजू नये. 1973 साली डार्ली आणि बॅटसन या मानसशास्त्रज्ञांनी प्रिन्स्टनमधल्या ईश्वरविज्ञानाच्या विद्यार्थ्यांची परीक्षा पाहिली. त्यांना एका इमारतीतून दुसरीकडे बोलायला पाठवलं. काहींना तर याच शोमरोन्याच्या दाखल्यावर, म्हणजे बोधकथेवर, बोलायचं होतं. वाटेत एक माणूस कण्हत पडलेला. घाई नसलेल्यांपैकी 63 टक्के थांबले, फार घाईत असलेल्यांपैकी 10 टक्के. बोलण्याचा विषय कोणता होता, यानं लक्षणीय फरक पडला नाही. तेव्हा मुलांच्या दिवसात मोकळी जागा ठेवल्याशिवाय दाखल्याचा उपयोग मर्यादितच राहणार. उपासनेला दहा मिनिटं आधी पोचणं हीसुद्धा तयारीच आहे.

त्या दहा मिनिटांत मुलांना एकच काम द्यावं: नजर फिरवायची. एकटं कोण उभं आहे? कुणाला गीताचा क्रमांक सापडत नाहीये? कडेवर बाळ घेऊन बॅग सांभाळत कोण चाललंय? सुरुवातीचे काही रविवार फक्त पाहून येऊन सांगायचं. कृतीची घाई केली की मुलं सोपी आणि सगळ्यांना दिसणारी कामं धरतात. खुर्च्या लावायला पाच जण धावतात आणि कोपऱ्यातली नवी मुलगी एकटीच राहते.

पाहिल्यानंतर विचारायचं. वाटेवरचा भिकारी बार्तीमय आंधळा आहे हे दिसत असूनही येशू त्याला विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावं? मुलांचा उत्साह नेमका इथं चुकतो. दृष्टिहीन व्यक्तीचा हात धरून ओढू नये. आपला हात पुढे करावा, ती कोपराच्या वर धरते आणि अर्धं पाऊल मागून चालते. व्हीलचेअर न विचारता ढकलू नये. ‘मी मदत करू का?’ याला ‘नको’ हे उत्तर आलं, तर ‘बरं’ म्हणून बाजूला व्हायचं. हे ‘नको’ आधी नाटुकल्यात ऐकवून ठेवावं, नाहीतर पहिल्याच नकाराला मूल खट्टू होतं आणि पुन्हा विचारत नाही.

(दृश्य: लव्हाळ्यांनी भरलेला नदीकाठ.)

पुढाकार म्हणजे धोक्यात उडी नव्हे, हे मोशेची बहीण मिर्याम हिच्याकडून शिकवता येतं. ती लांब उभी राहून तान्ह्या भावाला ठेवलेल्या पेटाऱ्यावर लक्ष ठेवते, फारोच्या कन्येनं तो उघडेपर्यंत थांबते, मग पुढे होऊन विचारते, दाई बोलावू का? आणि आईला घेऊन येते. पाणी, आग, वाहनं, औषधं, मोठ्यांची भांडणं आणि अनोळखी माणसाबरोबर एकटं जाणं, या सहा ठिकाणी मुलानं स्वतः हात घालायचा नाही. ताबडतोब विश्वासातल्या मोठ्याला बोलवायचं. तीही पूर्ण मदतच आहे, आणि तिचं तितकंच मनापासून कौतुक व्हावं.

कौतुक कसं करावं, यालाही महत्त्व आहे. वार्नेकेन आणि टोमासेलो यांनी 2008 साली दाखवलं की मदतीबद्दल बक्षीस मिळालेली 20 महिन्यांची मुलं पुढे बक्षीस न मिळालेल्यांपेक्षा कमी मदत करू लागली. डाव्या हाताला कळू न देता दान करा, असं शिकवायचं आणि भिंतीवर ताऱ्यांचा तक्ता लावायचा, हे जुळत नाही. तक्ता काढून टाकावा. ‘आजींना आज पहिल्या ओळीपासून गाता आलं’, एवढं सांगणं पुरतं. मुलाची नजर स्वतःवरून आजींकडे वळते. तसंच ‘देव रागावेल’ हा धाक नको. योहानाच्या पहिल्या पत्रात क्रम स्पष्ट आहे: देवानं आधी आपल्यावर प्रीती केली, म्हणून आपण करतो.

शोमरोनी जखमीच्या देखभालीसाठी उतारशाळेत (धर्मशाळेसारख्या मुक्कामाच्या जागी) दोन दिनार देतो, म्हणजे मजुराची दोन दिवसांची मजुरी, आणि परत येईन म्हणतो. मुलांची मदत बहुधा पहिल्या दिवशीच संपते. आजारी मित्रासाठी प्रार्थना झाली की ‘आता आपल्याला काय करता येईल?’ असं विचारून थांबावं. जे ठरेल त्यापुढे करणाऱ्याचं नाव, वार आणि पुन्हा चौकशीची तारीख मुलांनीच लिहावी. तारीख चुकली, तर काम शिक्षकानं परस्पर उरकू नये. पुढच्या वर्गात वही उघडून नवी तारीख त्याच मुलाला टाकू द्यावी.