सीनच्या काठचा शातो गायार

श्रोतेहो, नमस्कार. फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतात, सीन नदीच्या एका मोठ्या वळणावर, पांढऱ्या चुनखडीच्या उंच कड्यावर शातो गायार या किल्ल्याचे अवशेष उभे आहेत. इंग्लंडचा राजा आणि नॉर्मंडीचा ड्यूक पहिला रिचर्ड याने तो ११९६ ते ११९८ अशा जेमतेम दोन वर्षांत बांधून घेतला. जागा नॉर्मंडीची राजधानी रुआँ येथील आर्चबिशपची, म्हणजे मुख्य ख्रिस्ती धर्मगुरूची, होती आणि तेथे तटबंदी करायची नाही, असे फ्रान्सचा राजा दुसरा फिलिप याच्याशी झालेल्या तहात ठरले होते. रिचर्डने दोहोंकडे काणाडोळा केला. आर्चबिशपांनी नॉर्मंडीतील धर्मविधीच बंद पाडले, तेव्हा दिएप बंदर मोबदल्यात देऊन राजाने त्यांची समजूत काढली.

रुआँकडे जाणारा जलमार्ग रोखणे हा या बांधकामाचा मूळ हेतू, म्हणून कड्याखाली तटबंदीचे गाव वसवले गेले आणि नदीच्या पात्रात लाकडी खांबांचे अडथळे रोवले गेले. वर मात्र एकामागे एक तीन कोट होते. सर्वांत आतल्या कोटाची भिंत सरळ नाही. अर्धगोल फुगवटे एकमेकांना खेटून बसवल्याने ती लाटांसारखी दिसते आणि तिच्यावर आदळणारा गोळा तिरपा लागून घसरतो. त्या काळातील ही रचना मला सर्वांत कल्पक वाटते.

रिचर्ड ११९९ मध्ये मरण पावला. त्याचा भाऊ जॉन गादीवर असताना, १२०३ च्या उत्तरार्धात, फिलिपने वेढा घातला. जॉनने पाठवलेली कुमक जमिनीवरून आणि नदीतून एकाच वेळी पोहोचायची होती, पण होड्या प्रवाहाविरुद्ध मागे पडल्या आणि दोन्ही तुकड्यांचा वेगवेगळा पराभव झाला. अन्न पुरावे म्हणून किल्लेदाराने आश्रयाला आलेल्या गावकऱ्यांना बाहेर काढले. त्यांतील शेवटच्यांना फ्रेंचांनी वाट दिली नाही, आणि ते भर हिवाळ्यात दोन्ही सैन्यांच्या मध्ये उपाशी अडकून पडले.

बाहेरच्या कोटाचा बुरूज पायाखाली सुरुंग, म्हणजे भुयार, खणून पाडण्यात आला. मधल्या कोटात काही शिपाई शिरले ते, एका वृत्तान्तानुसार, जॉनने नंतर बांधलेल्या इमारतीच्या खिडकीतून. आतल्या कोटाच्या खंदकावर कातळातच कोरून ठेवलेला पूल होता, आणि त्याच्याच आडोशाला सुरुंग खणणारे भिंतीला भिडले. ६ मार्च १२०४ रोजी किल्ला पडला. त्याच वर्षी जूनमध्ये रुआँही गेले.

पुढे १५९९ मध्ये फ्रान्सचा राजा चौथा हेन्री याच्या आज्ञेने तो पाडायला सुरुवात झाली आणि त्याचे दगड आसपासच्या मठांच्या बांधकामाला गेले. लाटांसारखी ती भिंत मात्र आजही कड्यावर आहे.