घडी सुटते, धागा टिकतो

(दृश्य : अक्कलकोट रोड, रंगखाना)

सुताच्या लडी फिरोजी रंगात बुडताहेत. आधी मीठ, मग सोडा. सोडा पडला की पाण्याचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप, 11 च्या आसपास चढतो आणि रंग सुताला धरतो. "हाताला बुळबुळीत लागतंय बघा," रंगारी मामा हात पुढे करतात. नखांच्या कडा फिरोजी झाल्यात. या रंगाच्या रेणूतच तांबं असतं.

(दृश्य : कॉलेजची प्रयोगशाळा)

त्याच पाण्याची ही बाटली. इथल्या मुली त्यातलं सुटं तांबं शोधताहेत, डीएनएच्या तुकड्यानं. हो, सोलापुरात. मापं आणि चर्चा सगळी मराठीतच.

डीएनए म्हणजे आनुवंशिकतेची पोथी, एवढंच शाळेत शिकलो. पण 1982 मध्ये शास्त्रज्ञ थॉमस चेक यांना स्वतःला कापणारा आरएनए, म्हणजे डीएनएचाच भाऊबंद, सापडला. 1994 मध्ये ब्रेकर आणि जॉइस या शास्त्रज्ञांनी शिशाच्या साथीनं कापणारा डीएनए निवडून काढला. तांब्याच्या साथीनं स्वतःला तोडणारा डीएनए आला 1996 मध्ये. तुकडा तुटला की त्याला जोडलेला चकाकणारा रेणू मोकळा होऊन उजळतो; तीच तांब्याची खूण.

पण सोड्याचं पाणी त्याला सोसतं का?

(दृश्य : जेल म्हणजे जेलीसारखा थर, निळा प्रकाश)

दोन्ही नळ्यांत रात्रभर कॉस्टिक, म्हणजे तीव्र अल्कली, होतं. डावीकडे आरएनए होता, तिथं काही उरलं नाही. उजवीकडे डीएनएची पट्टी तशीच आहे. आरएनएच्या प्रत्येक साखरेवर ऑक्सिजन-हायड्रोजनची एक जादा जोडी असते. अल्कलीत ती चेतते आणि शेजारचाच दुवा तोडते. डीएनएच्या साखरेवर त्या जागी ही जोडीच नसते.

तरी नुसतं टिकून भागत नाही. डीएनए काम करतो तो त्याच्या घडीमुळे, आणि तीव्र अल्कलीत ती घडी सुटते. धागा शाबूत, पण दुमडलेली चादर उलगडून पडावी तसा.

(दृश्य : ड्रॉपर, पीएचची कागदपट्टी)

म्हणून प्रयोगशाळेतल्या ताई थेंब थेंब आम्ल घालताहेत. निळी पट्टी हिरवट होते. इथंच हात आखडायचा. आम्ल जास्त झालं की डीएनएची अक्षरं गळायला लागतात. फिरोजी रंग चकाकी गिळतो, त्यामुळे पाणीही पातळ केलंय.

उरलेलं पाणी प्रक्रिया न होता नाल्यात गेलं, तर तांबं मासळीला घातक ठरतं.

(दृश्य : अंधारी खोली, दोन नळ्या)

डावीकडची नळी साध्या पाण्याची. उजवीकडची मामांच्या बाटलीतली. ताई दिवा बंद करतात.