बडीशेपेच्या दांड्यातले अकरा जण

[दृश्य: इंग्लंडमधल्या रेडिंग गावातली छोटी बाग. डिसेंबरची सकाळ. गवतावर पांढरं हिव.]

बडीशेपेची ही झाडं सप्टेंबरातच वाळली. कापून टाकू, कापून टाकू म्हणत मी ऑक्टोबर घालवला, नोव्हेंबरही घालवला. आज शेवटी कात्री घेऊन बाहेर आले. पहिलाच दांडा धरला, तर पानाचा देठ खोडाला मिठी मारतो ना, त्या खोबणीत काहीतरी लाल दिसलं.

[अगदी जवळून: खोबण]

लेडीबर्ड. एकमेकांना चिकटून अकरा जण. मोजायला सोपं, कारण कुणीच हलत नाही. पाय पोटाखाली ओढून घेतलेले, पाठीवर दवाचे गोठलेले कण. प्रत्येक पंखावर तीन ठिपके, आणि सातवा मानेजवळ, दोन्ही पंखांनी अर्धा अर्धा वाटून घेतलेला.

आमच्या सोलापूरकडे हा ढालकिडा. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवला, तर म्हणाली, "झोपलेत? अगं, आपल्याकडे तर आत्ता त्यांची दिवाळी!"

खरंच की. जात तीच, सात ठिपक्यांची. तिकडे याच दिवसांत करडईवर मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, चढतो आणि ढालकिडे त्यावर ताव मारत शेतभर हिंडतात. इकडे थंडीत मावाच नाही. म्हणून आधी खाल्लेलं चरबी करून अंगात साठवायचं, अंडी घालायचं काम पुढच्या वर्षावर टाकायचं आणि मार्चपर्यंत पडून राहायचं.

गोळा होतात ते एकमेकांच्या वासावरून. घोळक्याचा फायदाही असतो. एकट्यापेक्षा अकरा जणांचा लाल रंग पक्ष्याला लवकर दिसतो, आणि लाल म्हणजे कडू हे पक्षी एका घासातच शिकतो. उन्हाळ्यात माझ्या हातून एक चुकून दाबला गेला होता. पायांच्या सांध्यांतून पिवळे थेंब आले, आणि त्याचा वास बोटांवरून लवकर जाईना.

[दृश्य: घराची खिडकी, चौकटीचा कोपरा]

खिडकीच्या फटीत बसलेत ते मात्र वेगळे. हे हार्लेक्विन. मूळचे पूर्व आशियातले. माव्याचा बंदोबस्त म्हणून युरोपात मुद्दाम आणले, आणि २००४ साली इंग्लंडमध्येही पोचले. यांना घराची ऊब आवडते. दुसऱ्या लेडीबर्डची अंडी आणि अळ्याही खातात. इथली दोन ठिपक्यांची लेडीबर्ड त्यांच्यापायी फार कमी झाली. पाहुणा म्हणून बोलवावं आणि त्यानं घरच ताब्यात घ्यावं, तशातली गत.

पहिल्या वर्षी मला सात ठिपकेवाल्यांची दया आली होती. दोघांना घरात आणून ठेवलं. हीटरच्या उबेनं जागे झाले, खायला काही नाही, आणि आठवडाभरात खिडकीच्या काठावर उताणे. तेव्हापासून कुणाला आत आणत नाही. कात्रीही आज तशीच परत ठेवली.

[दृश्य: तोच दांडा, मार्चमधलं ऊन]

अकरापैकी नऊ जण हलताहेत. उरलेल्या दोघांच्या सांध्यांतून पांढरी, कापसासारखी बुरशी बाहेर आलीय. हिचं नाव बिव्हेरिया. सोलापूरला कृषी सेवा केंद्रात हीच बुरशी कीड मारायला पुडीतून मिळते. बाबा पंपात घालून फवारायचे. इथे ती विकत आणावी लागत नाही. ओलसर थंडीत आपणहून येते, आणि ढालकिडा मित्र की शत्रू हे काही विचारत नाही.

[अगदी जवळून]

नवातला एक दांड्याच्या टोकापर्यंत चढलाय. लाल ढाल उघडली. खालचे पातळ पंख अजून नीट उलगडत नाहीत, एक टोक बाहेरच लोंबतंय. पुन्हा मिटली. गुलाबाच्या कोंबांवर पहिला मावा कालच दिसला. इथून चार पावलांवर.