बेरजेत न मावणारं गाव

(दृश्य: डोंगरउतारावर लाकडी घरांची रांग. दिवस कलतो आहे.)

स्लोव्हाकियातलं व्ल्कोलिनेत्स. ओंडके रचून बांधलेल्या 45 इमारती, रस्त्याच्या कडेने वाहणारा पाट, लाकडी घंटाघर. युनेस्कोने 1993 मध्ये हे गाव जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. दिवसा गल्लीत पर्यटकांची गर्दी असते. संध्याकाळी ते उतार उतरून निघून जातात आणि मागे शांतता उरते, कारण इथे कायम राहणारी माणसं आता विसाच्या आत आहेत.

घरं शाबूत आहेत, पाहुणे येत आहेत. मग हे गाव शाश्वत विकासाच्या कसोटीला उतरलं, असं म्हणायचं का?

(दृश्य: कागदावर आखलेला तक्ता. हात रकाने भरतो आहे.)

वारसा-पर्यटनाच्या गावांचं मूल्यमापन बहुतेक वेळा एका ठरलेल्या वाटेने होतं. आधी निर्देशक निवडतात: जुन्या वास्तूंची अवस्था, पाणी, कचरा, रोजगार, उत्पन्न, गावकऱ्यांचा सहभाग. मग प्रत्येक निर्देशकाला भार दिला जातो. त्यासाठी गणितज्ञ थॉमस साटी यांची 1970च्या दशकातली पद्धत आजही वापरतात. दोन-दोन निर्देशक समोरासमोर ठेवायचे, तज्ज्ञांना विचारायचं, यातलं जास्त महत्त्वाचं कोणतं? त्या उत्तरांतून भार निघतात. गुणांना भाराने गुणायचं, सगळ्याची बेरीज करायची. हाती एक आकडा येतो.

पद्धत शिस्तीची आहे, तिला मी नावं ठेवणार नाही. पण घोळ बेरजेत आहे. बेरजेत एका रकान्यातली तूट दुसरा रकाना भरून काढतो. उत्पन्न भरपूर वाढलं आणि विहिरी आटल्या, तरी एकूण गुण चांगलेच दिसतात. प्रत्यक्षात तिकिटाच्या पैशाने विहिरीला पाझर फुटत नाही. गावातलं शेवटचं मूल शाळेसाठी शहरात गेलं, तर ती उणीव रंगवलेल्या खिडक्यांनी भरत नाही. म्हणून माझं म्हणणं असं, की काही निर्देशक बेरजेत धरूच नयेत. पाणी, राहती माणसं आणि घराची मालकी. यातलं एक जरी ठरलेल्या रेषेच्या खाली गेलं, तर बाकीचे गुण कितीही असोत, गाव धोक्यात आहे असंच लिहावं.

पाण्याचंच घ्या. वर्षाची सरासरी काढली की टंचाई दिसतच नाही. ऐन हंगामात, सगळ्यात गर्दीच्या आठवड्यात, गावकऱ्याच्या नळाला किती वेळ पाणी येतं ते मोजायला हवं. मालकीचंही तसंच. घर जुनं, देखणं, नीट राखलेलं. पण मालक दूर कुठेतरी आणि दाराला पाहुण्यांसाठी किल्लीची पेटी. वास्तूच्या रकान्यात या घराला पूर्ण गुण पडतात. गावातलं एक कुटुंब कमी झालं, हे कुठल्याच रकान्यात उतरत नाही.

(दृश्य: तळ्याकाठचं गाव. अरुंद रस्ता, बसची रांग.)

ऑस्ट्रियातलं हालश्टाट. वस्ती जेमतेम आठशेच्या घरात, आणि गर्दीच्या दिवशी येणारे दहा हजारांपर्यंत. ऑगस्ट 2023 मध्ये इथल्या रहिवाशांनी रस्ता अडवून निदर्शनं केली. पर्यटनाला त्यांचा विरोध नव्हता, मर्यादा हवी होती. ही चीड कशी वाढत जाते, ते पर्यटनाचे अभ्यासक जॉर्ज डॉक्सी यांनी 1975 मध्येच मांडलं होतं: आधी आनंद, मग बेफिकिरी, मग वैताग, शेवटी उघड वैर. तक्त्यात मात्र ‘स्थानिकांचं समाधान’ हा अनेकांतला एक रकाना असतो. तोही कधी कधी बाहेरून आलेला माणूस दोन दिवसांत भरून जातो. ज्याच्या दारातून रोज हजारो माणसं जातात, त्याला कोणी विचारत नाही, की यातलं जास्त महत्त्वाचं कोणतं?

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संस्थेने 2021 पासून सर्वोत्तम पर्यटन गावांची निवड सुरू केली. पंधरा हजारांपर्यंत वस्तीची गावं, नऊ क्षेत्रांत परीक्षण. असा मान मिळाला की गाव नकाशावर येतं. मला उत्सुकता असते ती दहा वर्षांनंतरच्या परीक्षणाची.

(दृश्य: बर्फात उभी उंच, तीव्र उताराची गवती छपरं.)

जपानमधलं शिराकावा-गो. 1995 पासून जागतिक वारसा. पण त्याच्या कितीतरी आधी, 1971 मध्ये, ओगिमाची वस्तीतल्या लोकांनी आपणच तीन गोष्टी ठरवल्या: घर विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, पाडायचं नाही. तेव्हा यादी नव्हती, मानांकन नव्हतं. हिवाळ्यात दिव्यांनी उजळलेली घरं पाहायला इतकी झुंबड उडू लागली, की 2019 पासून त्यासाठी आधी नोंदणी सक्तीची झाली.

या छपरांचं आयुष्य साधारण तीस ते चाळीस वर्षांचं. मग जुनं गवत उतरवून नवं शाकारायचं. मोठं छप्पर असेल तर शंभर-दोनशे माणसं लागतात. सगळं गाव हाताला हात लावतं. त्याला तिथे ‘युइ’ म्हणतात. मराठीतला जवळचा शब्द इर्जिक. पैसे मोजून कारागीर आणता येतात, आणि आता आणतातही. पण पेंढी किती जाड धरायची, दोर कुठे आवळायचा, हे वर चढल्याशिवाय कळत नाही. त्यात गवताची कुरणंही राखावी लागतात, नाहीतर शाकारायला गवतच उरायचं नाही.

मूल्यमापन करणाऱ्याने अशा गावात शाकारणीच्या दिवशी जावं. छपरावर चढलेल्यांची वयं टिपावीत. त्यातले गावात राहणारे किती आणि मजुरीवर आलेले किती, तेही लिहावं. आज बांधलेलं छप्पर तीस-चाळीस वर्षांनी पुन्हा उतरवावं लागणार आहे. तेव्हा वर चढून दोर आवळतील ती मुलं आज कुठल्या गावच्या शाळेत आहेत, त्याचीही नोंद करावी.

(दृश्य: छपराच्या कडेवरून खाली टाकलेला दोर. तो झेलणारा हात.)