श्रमसंस्कार शिबिराचे सात दिवस

श्रोतेहो, नमस्कार.

पहिल्या सत्राच्या परीक्षा आटोपल्या आणि थंडी पडू लागली, की आपल्याकडच्या तालुक्यातालुक्यांतील लहान महाविद्यालयांमधून विद्यार्थ्यांची एक तुकडी टिकाव, फावडी, घमेली आणि अंथरूण-पांघरूण घेऊन जवळच्या एखाद्या गावी सात दिवसांच्या मुक्कामाला जाते. राष्ट्रीय सेवा योजनेचे हे विशेष निवासी शिबिर. बोलण्यात आपण त्याला श्रमसंस्कार शिबिर म्हणतो.

ही योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, देशातील ३७ विद्यापीठांत सुरू झाली. त्याआधी दहा वर्षे, १९५९ मध्ये, केंद्र सरकारने डॉ. चिंतामणराव देशमुख यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली होती आणि विद्यापीठात प्रवेश घेण्यापूर्वी प्रत्येक विद्यार्थ्याने नऊ महिने ते एक वर्ष सक्तीने राष्ट्रसेवा करावी, अशी शिफारस त्या समितीने केली होती. ती सक्ती पुढे आली नाही; योजना ऐच्छिक राहिली आणि माझ्या मते तेच योग्य झाले, कारण हौसेने आलेला विद्यार्थी आणि धाडलेला विद्यार्थी यांच्यातला फरक गावकऱ्यांना पहिल्याच सकाळी कळतो. आज स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तासांचे काम आणि एक विशेष शिबिर पूर्ण करावे, अशी अपेक्षा असते.

शिबिराचा दिवस पहाटेच्या प्रभातफेरीने सुरू होतो, सकाळी श्रमदान, दुपारी बौद्धिक सत्र, नंतर गटचर्चा आणि रात्री सांस्कृतिक कार्यक्रम, असा सर्वसाधारण क्रम असतो. मला आज आपल्यासमोर आग्रहाने मांडायचे आहे ते हे की, सकाळचे श्रम आणि दुपारचे बौद्धिक यांचा विषय एकच असला पाहिजे. सकाळी रस्ता झाडायचा आणि दुपारी व्यक्तिमत्त्व विकासावर व्याख्यान ऐकायचे, अशा शिबिरात दोन्ही गोष्टी अर्ध्याच राहतात.

समतल चरांचे, म्हणजे उतारावरचे पाणी अडवण्यासाठी एकाच पातळीत खणायच्या चरांचे, काम घ्या. भूगोलाच्या विद्यार्थ्याने समोच्च रेषा नकाशावर पाहिलेल्या असतात, परीक्षेत काढलेल्याही असतात. पण उताराच्या माळावर पाण्याने भरलेली पारदर्शक नळी दोघांनी दोन टोकांना धरून, दोन्हीकडचे पाणी सारख्या उंचीवर येईपर्यंत मागेपुढे सरकत, एकेक बिंदू फक्कीने आखत जाणे हा अनुभव वेगळाच असतो. ती रेषा कधीच सरळ येत नाही, टेकडीच्या अंगाने वळत जाते, आणि ती तशीच वळली पाहिजे. ती सरळ करण्याच्या मोहात चर एका बाजूला कलला, तर पावसाचे पाणी तिकडे धावते आणि मातीचा भराव फोडून निघून जाते. चराची माती नेहमी उताराच्या खालच्या बाजूला टाकायची असते, हेही तिथेच समजते. अशा सकाळनंतर भूगोलाच्या प्राध्यापकांनी दुपारी पाणलोटावर व्याख्यान दिले, तर प्रश्न विचारणारे हात आपोआप वर येतात.

वनराई बंधाऱ्याचे तसेच आहे. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती वा वाळू भरून, तोंडे दाभणाने शिवून, विटांचे सांधे चुकवतात तशा त्या ओढ्यात एकावर एक रचायच्या, एवढेच ते काम. मात्र ओढ्यात धार असेपर्यंतच त्याचा उपयोग आहे. पर्जन्यछायेच्या भागात पुष्कळ ओढे शिबिराच्या तारखेपूर्वीच आटलेले असतात, आणि कोरड्या पात्रात केवळ छायाचित्रासाठी बंधारा घालणे मला पटत नाही. तिथे चर खणावेत, सांडपाण्यासाठी शोषखड्डे घ्यावेत.

लहान महाविद्यालयाला या कामात एक मोठी अनुकूलता आहे. त्याचे विद्यार्थी त्याच पंचक्रोशीतले असतात. घरोघरी सर्वेक्षणाला गेल्यावर पाणी कोण भरते, कुठून भरते, मुलीची शाळा का सुटली, हे प्रश्न त्यांना नवखेपणाने विचारावे लागत नाहीत आणि माउलीही मोकळेपणाने उत्तरे देते. अर्थशास्त्राच्या विभागाने ही माहिती तक्त्यांत मांडून शिबिर संपण्यापूर्वी ग्रामसभेपुढे वाचून दाखवावी. गावाची माहिती गावालाच न सांगता महाविद्यालयाच्या कपाटात ठेवणे हा गावावर अन्याय आहे.

आणि भाकऱ्यांचा उल्लेख केलाच पाहिजे. अनेक गावांत अजूनही शिबिरासाठी घरटी भाकऱ्या गोळा होतात. वरण-भाजी शिबिराच्या चुलीवर शिजते. मदत एकाच बाजूने होत नाही, ही जाणीव मुलांना या जेवणातून होते.

एकच गाव काही वर्षे दत्तक घेण्याची पद्धत आहे, आणि ती काटेकोर पाळली जावी. चर दोन पावसाळ्यांत गाळाने भरतात, रोपांना उन्हाळ्यात पाणी लागते. ज्या गावी पुन्हा जायचेच नाही, तिथल्या कामाचे गुणदोष विद्यार्थ्यांना दिसणार कसे?

यंदा आपल्या गावी शिबिर येणार असेल, तर सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी यांना माझी विनंती आहे, की कामाची जागा ग्रामसभेत आधीच ठरवा, ज्यांच्या शेताजवळून चर जाणार त्यांची संमती घ्या, रिकाम्या गोण्या आतापासून जमवा आणि उद्घाटनाचा समारंभ अर्ध्या तासात आटोपा. मुलींच्या निवासासाठी आणि स्वच्छतागृहासाठी शाळेची इमारत मोकळी करून द्या. उरलेले काम विद्यार्थी करतील.

नमस्कार.